शुगर नाही, तरी शुगरची गोळी?

(दादर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मधुमेहाच्या औषधांनी बीपी उतरतं का?’ उतरतं. थोडं. झालं व्याख्यान! पण चहाला अवकाश आहे, तेव्हा आधी माझं जुनं दुखणं ऐका : मेडिकलच्या काउंटरवर फुकट मिळणारा सल्ला.

परळच्या एक मावशी. बीपी जुनं, हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, शुगर मात्र नाही. मी डॅपाग्लिफ्लोझिन लिहून दिली, मूळची मधुमेहाची, पण कमजोर हृदयालाही देतात ती गोळी. महिन्याने आल्या त्या धापा टाकत. चपलेचा पट्टा सुजलेल्या पायात रुतलेला. पिशवीतून स्ट्रिप काढली, एकही गोळी फोडलेली नाही. “मेडिकलवाला म्हणाला, ही शुगरची गोळी. तुम्हाला शुगर कुठाय? चक्कर येऊन पडाल.” जावयांनी मोबाइलवर बघून दुजोरा दिला. आता जावई बोलल्यावर आमची डिग्री काय चाटायची? बरं, माझी गोळी नको, पण शेजारणीची बीपीची गोळी ‘तिला लागू पडली’ म्हणून सुरू! हसताय काय? तुमच्यापैकी कुणाकुणाच्या डब्यात शेजाऱ्याची गोळी आहे ते विचारत नाही. हात वर करू नका.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 ग्रॅम साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी रक्तात परत घेतात. डॅपाग्लिफ्लोझिन ही परतीची वाट अडवते. साखर लघवीवाटे जाते, सोबत थोडं मीठ आणि पाणीही नेते. शुगर नसलेल्याची साखर एकट्या या गोळीने सहसा धोकादायक खाली जात नाही. या औषधांचा मूळ पुरुष फ्लोरिझिन, 1835 साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेला. नाही काका, सफरचंदं खाऊन बीपी उतरणार नाही!

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. तर भराभर. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या या ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्यांनी बीपीचा वरचा आकडा साधारण 3 ते 5 ने उतरतो. पण म्हणून टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. नुसतं बीपी असेल तर ही गोळी मागूही नका. शुगर, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं सोबत असेल, तर एका गोळीत दोन कामं होतात. मधुमेहाची, वजनही उतरवणारी इंजेक्शनं, सेमाग्लुटाईड, टिर्झेपाटाईड, यांनीही बीपी उतरतं. टिर्झेपाटाईडच्या एका चाचणीत, लठ्ठ पण मधुमेह नसलेल्यांचं बीपी चोवीस तास मोजलं, तर वरचा आकडा 7 ते 10 ने कमी भरला. नाडी मात्र किंचित वाढते. शुगरची सगळी औषधं अशी नाहीत हं. पायोग्लिटाझोन उलट अंगात पाणी धरून ठेवतं. हृदय कमजोर असेल तर नकोच.

ग्लिफ्लोझिनसोबत लघवीची गोळी चालू असेल तर डोस बघून घ्या, नाहीतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. जुलाब, उलट्या, निर्जळी उपवास असताना ही गोळी थांबवायची का, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. कारण अशा वेळी गोळी चालू राहिली तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. जननेंद्रियाजवळ खाज आली तर लाजून गप्प बसू नका, बुरशी असते, औषधाने जाते. मोठ्या ऑपरेशनआधी तीन-चार दिवस ही गोळी बंद ठेवतात, तेव्हा सर्जनला आठवणीने सांगा. हो, हो, आवरतो. प्रश्न विचारा, पण रिपोर्ट घेऊन रांग लावू नका.