काचेआडचा ओटा

(दृश्य: अंमळनेर. संध्याकाळची गल्ली.)

पाच वाजले की आमच्या गल्लीतले ओटे भरतात. कोण कुणाकडं गेलं, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, सगळं इथूनच कळतं. मी याच ओट्यांवर वाढलो. 27 वर्षांत मी गे आहे हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. अर्थात, येऊ नये म्हणून मेहनत मीच घेत होतो.

6 सप्टेंबर 2018. कलम 377 वर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आमचं प्रेम गुन्हा उरलं नाही. मी होस्टेलवर होतो. बातमी मोबाइलचा आवाज बंद करून पाहिली. घरी सांगायला त्यानंतरही सात वर्षं गेली. परवाच्या दिवाळीत ताईला सांगितलं, मग मायला. माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जेवना का रे?"

पुढच्याच महिन्यात कंपनीनं कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं. पहिल्या रविवारी मी कॅस्ट्रो गाठलं, तिथली गे लोकांची वस्ती.

(दृश्य: चौकातला भला मोठा सप्तरंगी झेंडा.)

सप्तरंगी म्हणायचं, पण पट्टे सहाच. 1978 मध्ये गिल्बर्ट बेकर यांनी आमच्यासारख्यांसाठी हा झेंडा केला तेव्हा आठ होते. पुढं दोन गेले. त्यातला गुलाबी गेला तो गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून. मी कापड दुकानदाराचा पोरगा. हे कारण मला लगेच पटलं.

थोडं पुढं, 575 नंबरला, हार्वी मिल्क यांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. आपण गे आहोत हे न लपवता ते 1977 मध्ये नगरमंडळावर निवडून आले. घरच्यांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, असं ते लोकांना सांगत फिरायचे. 27 नोव्हेंबर 1978 ला सिटी हॉलमध्येच त्यांना गोळ्या घातल्या. त्या दारापुढं मी उगाच चप्पल काढायला वाकलो. बूट होते.

(दृश्य: कोपऱ्यावरचा ट्विन पीक्स बार. मोठाल्या काचा.)

मला मात्र थांबवलं ते या काचांनी. पूर्वी असल्या गे बारच्या खिडक्या झाकलेल्या असत. पोलिसांची धाड पडे, ओळखीच्यानं पाहिलं तर नोकरी जाई. 1972 मध्ये दोन बायकांनी हा बार चालवायला घेतला आणि रस्त्याकडं सरळ उघड्या काचा बसवल्या. आत बसलेला माणूस रस्त्यावरून दिसू लागला. आता तिथं बहुतेक म्हातारी मंडळीच बसतात, म्हणून तरुण पोरं त्याला काचेची शवपेटी म्हणतात. आमच्याकडंही पारावरच्या म्हाताऱ्यांना यापेक्षा बरं काही म्हणत नाहीत.

मी आत गेलो. काचेशेजारी खुर्ची मिळाली. बसताच ती हातभर मागं सरकवली, सवयीनं. मग पुन्हा पुढं घेतली. बाहेरून माणसं जात होती, कुत्री फिरवत, भाजीच्या पिशव्या घेऊन. कुणी वळून बघेना. खरं सांगू? थोडं वाईटही वाटलं. ओट्यावर बसलं की कुणीतरी विचारतंच, कवा उना?

शेजारी दोन आजोबा पेपरमधलं कोडं सोडवत होते. त्यांना विचारूनच हे चित्रण केलं.

(दृश्य: घरचा ओटा. मोबाइल हातात धरलेली माय, पाठमोरी.)

मायनं तेवढा तुकडा दोनदा पाहिला.

"ह्या कोन शेतस?"

म्हटलं, चाळीस वर्षं सोबत आहेत.

तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "आनि दुखनं-बाखनं उनं तं? यास्ना घरमा कोन शे?"

ते मी विचारलं नव्हतं.