मागे चाळीस टन

[पहाटेचा अंधार. ट्रकतळ. टॉर्चचा उजेड चाकांवरून सरकतो आहे.]

इंजिन अजून बंद आहे. काम मात्र केव्हाच सुरू झालंय. जड ट्रक चालवणं हे कुशल काम मानावं, आणि इतर कारागिरांसारखं त्याचंही रीतसर शिक्षण आणि परीक्षा असावी, अशी मागणी आहे. ती पटते का, ते बघू.

टॉर्च आधी जमिनीवर जातो. तेलाचा ताजा डाग आहे का? मग चाकाचे नट. नटापासून गंजाचा ओघळ फुटलेला दिसला, तर तो नट सैल पडत असण्याची शक्यता असते. मग मागची जोडचाकं, आणि प्रत्येकावर हातोडीचा एक ठोका.

[ठोक्यांचा मूळ आवाज. चार ठोके होईपर्यंत निवेदन थांबेल.]

मडकं घेताना टिचकी मारून बघावी, तसं हे चाललंय. जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली, तरी बाहेरचा टायर भार तोलून धरतो आणि वरवर बघणाऱ्याला काहीच कळत नाही. बद्द आवाज आला की चालक खाली वाकतो.

[केबिन. हवेच्या दाबाचा काटा हळूहळू वर चढतो. सुस्कारा.]

हा सुस्कारा हवेच्या ब्रेकचा. मोटारीत ब्रेक दाबला की पायाचा जोर तेलातून चाकापर्यंत पोचतो. इथे ते काम दाबलेली हवा करते. पार्किंगच्या ब्रेकची रचना तर उलटीच. तिथे एक जाड स्प्रिंग कायम ब्रेक लावायच्या तयारीत असते आणि हवा तिला मागे रेटून धरते. गळती झाली, दाब फार उतरला, की स्प्रिंग सुटते आणि चाकं जागच्या जागी जखडतात. म्हणून निघण्याआधी इंजिन बंद ठेवून, ब्रेक दाबून, काट्याकडे बघत बसायचं. काटा किती आणि किती वेळात उतरतो, यावर गाडी हलणार की नाही ते ठरतं.

[लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या. पट्टे आवळणारे हात, अगदी जवळून.]

आता हात बघा. पट्टा ओढला, आवळला, त्यावर तळवा मारून पाहिला, आवळणीचं दातेरी चाक पुन्हा एक दात पुढे नेलं. हिशेब साधा आहे, पण जिवाचा आहे. युरोपातलं मानक घ्या नाहीतर अमेरिकेतला नियम, पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि दोन्ही कुशींना ५० टक्के जोर बांधणीनं पेलला पाहिजे. वीस टनांची गुंडाळी असेल, तर करकचून ब्रेक लागल्यावर ती सोळा टनांच्या जोरानं पुढे रेटते. आणि पुढे केबिन असते.

टँकरमध्ये तर बांधायलाही काही नसतं. अर्धवट भरलेल्या टाकीतला द्रव ब्रेक लागला की पुढे धावतो, पुढच्या पत्र्यावर आपटतो आणि थांबलेल्या गाडीला पुन्हा ढकलतो. बऱ्याच टाक्यांमध्ये हा लोंढा अडवायला आडव्या भिंती असतात. दुधाच्या टाकीत सहसा नसतात, कारण कोपऱ्यात दूध साचलं की टाकी नीट धुता येत नाही. म्हणजे भिंतींचं काम चालकाच्या पायानं करायचं. ब्रेक किती हलका, किती आधीपासून दाबायचा, याचं मापन करणारा काटा गाडीत नाही.

[डोंगरमाथा. वळणावळणाचा लांब उतार. केबिनच्या आतून.]

या दृश्यावर थोडं थांबू.

ट्रक आणि माल मिळून चाळीस टन. ताशी ८० किलोमीटर वेगातला असा ट्रक पूर्ण थांबवायला ब्रेकना जेवढी ऊर्जा उष्णता करून सोडावी लागते, त्याच्या जवळपास वीसपट ऊर्जा फक्त पाचशे मीटर उंची उतरताना निर्माण होते. नुसत्या पायाच्या ब्रेकवर हा उतार उतरणं म्हणजे दर थोड्या अंतरावर भरधाव ट्रक थांबवल्यासारखं, तेही ब्रेक निवायला वेळ न देता. चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम तापतो, फुगतो, आतून त्याला घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो. पाय आणखी खोल दाबला जातो, पण पकड येत नाही.

यावरचा उपाय उतारावर करायचा नसतोच. तो माथ्यावर करायचा असतो. बघा, गाडी अजून सपाटीवर आहे, पुढचा रस्ता दिसतही नाही, आणि गिअर खाली आलाय. वेग उताराआधीच उतरलाय. पुढे जे काही होणार नाही, ते या दोन सेकंदांत ठरलं.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

१९३१ साल. डिझेल इंजिनं बनवणारे अमेरिकी उद्योजक क्लेसी कमिन्स आपलं इंजिन बसवलेला ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. जाहिरातीचाच दौरा. कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. पायथ्याशी रेल्वेचं फाटक, आणि रुळांवरून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा पार झाला, आणि ट्रक अगदी थोडक्यात त्याच्या मागून निघून गेला.

ती भीती कमिन्स यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं घोळत राहिली. निवृत्तीनंतर त्यांनी त्यावर तोड काढली. इंजिनात पिस्टन हवा दाबतो, तेव्हा गाडीचा जोर खर्च होतो. पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला पुन्हा ढकलते आणि जोर परत मिळतो. कमिन्स यांनी काय केलं? हवा पुरती दाबली गेली की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडायचा. दाबलेली हवा बाहेर, जोर परत नाही. चालवणारं इंजिनच अडवू लागलं. १९६१ मध्ये जेकब्स कंपनीनं हे इंजिन ब्रेक बाजारात आणले. आता ऐकू येतोय तो घरघराट त्याचाच.

[इंजिन ब्रेकचा आवाज मोठा.]

ब्रेकवर ज्याचं नाव कोरलं जावं अशा माणसालाही घाटानं सोडलं नाही, आणि रोज तो उतरणाऱ्याला आपण “नुसता ड्रायव्हर” म्हणतो.

[ड्रोन, वरून. ट्रेलर मागे घेतला जातोय.]

हे दृश्य आम्ही कुठेही कापलेलं नाही. स्टिअरिंग डावीकडे, ट्रेलरचं शेपूट उजवीकडे. शेपूट हवं तितकं वळलं की लगेच स्टिअरिंग उलट फिरवून त्याच्या मागे जायचं. उशीर झाला तर ट्रेलर आणि केबिन चाकूच्या पात्यासारखे मिटतात. आणि एका बाजूच्या आरशात तर या क्षणी ट्रेलरची नुसती भिंत दिसतेय.

आता गिअर आपोआप पडतात, कॅमेरे आले, मग कसब कसलं, असं विचारणारे भेटतात. डावा पाय मोकळा झाला, एवढं खरं. माल कसा बसलाय, पूल किती वजन पेलतो, वाऱ्यात रिकामा ट्रेलर कधी उलटेल, हे गिअरबॉक्सला कोण सांगणार?

[पडद्यावर तक्ता.]

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात वेल्डर, प्लंबर, वीजतंत्री हे सातव्या गटात, कारागिरांमध्ये. जड ट्रकचे चालक आठव्या गटात, यंत्र चालवणाऱ्यांबरोबर. क्रमांक ८३३२. पण कौशल्याच्या चार पायऱ्यांपैकी या सगळ्यांची पायरी एकच आहे, दुसरी. बिनकौशल्याच्या कामांचा नववा गट वेगळा, आणि ट्रकचालक त्यात नाहीत.

तरीही ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसासाठी ट्रकचालकाचं काम पुरेशा पातळीचं धरलं जात नव्हतं. २०२१ च्या सप्टेंबरात चालक अपुरे पडले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि त्याच सरकारनं ५,००० चालकांसाठी तात्पुरते व्हिसा जाहीर केले.

[प्रशिक्षण मैदान. शंकू. शिकाऊ चालक.]

परवाना सांगतो, परीक्षेच्या दिवशी या माणसाला गाडी चालवता आली. किती काळ, कोणाच्या हाताखाली, कोणता माल घेऊन शिकला, हे तो सांगत नाही. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना ठरवून दिलेलं प्रशिक्षण सक्तीचं आहे, पण किमान किती तास, ते केंद्रीय नियमात नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात किमान साडेएकशेएकवीस तास आहेत, मार्च २०१९ पासून. त्याआधी, २०१८ च्या एप्रिलमध्ये, तिथेच एका खेळाडू संघाची बस आणि ट्रकची धडक होऊन १६ जण गेले.

युरोपीय संघात मालवाहू चालकांना २००९ पासून परवान्याखेरीज व्यावसायिक पात्रता लागते, आणि दर पाच वर्षांनी ३५ तास पुन्हा वर्गात बसावं लागतं. जर्मनी आणखी पुढे गेली. तिथे व्यावसायिक चालक हा तीन वर्षांच्या उमेदवारीचा व्यवसाय आहे. काही शिक्षण शाळेत, बाकीचं कामावर असा मेळ, शेवटी लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. वीजतंत्री ज्या वाटेनं जातो, तीच वाट.

[तोच चालक, डॉकवर. कागदांवर सही घेतो आहे.]

मग ज्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला आणि शाळेचा कागद जवळ नाही, त्यांचं काय? हा प्रश्न शिक्षण-परीक्षेच्या मागणीच्या विरोधात नेहमी पुढे केला जातो. जर्मन कायद्यात त्याचं उत्तर आहे. उमेदवारीच्या दीडपट काळ, म्हणजे साडेचार वर्षं, काम केल्याचं दाखवता आलं, तर उमेदवारी न करताही शेवटच्या परीक्षेला बसता येतं. या चालकाचा रस्त्यावरचा काळ त्याहून कितीतरी जास्त आहे. अशी परीक्षा घेणारं कोणी असेल, तर बसायची आपली तयारी आहे, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. लेखी पेपर मात्र अवघड जाईल, असंही म्हणाले.