फेऱ्या पुरेत, आता मांडीकडे बघा

श्रोतेहो, नमस्कार. संध्याकाळी सोलापुरातल्या कुठल्याही मैदानावर जा. फुटबॉलच्या सरावाची सुरुवात फेऱ्यांनी, आणि बऱ्याचदा शेवटही फेऱ्यांनीच. दमसास हवाच, वरच्या दर्जाचा खेळाडू एका सामन्यात 10 ते 12 किलोमीटर पळतो. पण गोल बहुधा दोन-चार सेकंदांच्या झेपेत होतो. ती झेप, हेडरसाठीची उडी, पळता पळता एकदम थांबून वळणं, या सगळ्याला लागते ताकद. ती फेऱ्यांतून येत नाही.

वजन उचललं की पोरगा मंद होतो, असं अजूनही सांगितलं जातं. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंवरचा 2004 सालचा अभ्यास उलटंच दाखवतो. ज्यांना खांद्यावर जास्त वजन घेऊन अर्धी बैठक मारता येत होती, तेच 10 आणि 30 मीटर जोरात पळत होते, उडीही त्यांचीच उंच होती.

आता कुणी म्हणेल, आपल्या तालमीत बैठका आहेतच की! आहेत, आणि आदरानं सांगतो, दोनशे बैठका मारणाऱ्याचा चिवटपणा जबरदस्त असतो. मात्र झेपेला कमाल जोर लागतो. त्यासाठी वजन इतकं हवं की चार-पाच बैठकांतच पुरे वाटावं. असे तीन-चार सेट, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. ही विश्रांती आळस नव्हे, ती कापू नका. नवख्यांनी आधी बिनवजनाची, मग एका पायावरची बैठक नीट जमवावी. बारबेल नसेल तर वाळूची गोणी चालते. शाळकरी मुलांनाही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हे करता येतं. त्यानं उंची खुंटते या भीतीला आधार नाही. आणि जिमला जाऊन नुसती छाती नि दंड फुगवणाऱ्यांना काय सांगायचं? फुटबॉल पायानं खेळतात, बाबांनो.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मांडीच्या मागच्या स्नायूबद्दल, म्हणजे हॅमस्ट्रिंगबद्दल. जोरात पळताना पाय पुढे फेकला जातो आणि हा स्नायू ताणत असतानाच त्याला ब्रेक लावतो. तिथंच तो फाटतो. म्हणून त्याला ताणत असताना जोर लावायची सवय हवी. नॉर्डिक नावाच्या व्यायामाला मशीन लागत नाही. सतरंजीची घडी करून गुडघे टेका. जोडीदारानं मागून घोटे घट्ट दाबून धरावेत. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग सरळ ठेवून पुढं झुकायचं, जमेल तितकं सावकाश; कमरेत वाकायचं नाही. तोल सुटला की हातांवर पडा आणि हातानंच ढकलून वर या. हा व्यायाम नेमानं करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्यावर आल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय.

पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन सेट. तरीही दोन दिवस जिना उतरताना मांडी बोलेल. घाबरू नका, पुढच्या खेपेला दुखणं कमी होतं. सामना रविवारी असेल तर हे मंगळवार-बुधवारीच उरका, शनिवारी अजिबात नको.

हंगामाआधी ताकदीचे आठवड्याला दोन दिवस ठेवा, सामने सुरू झाले की एक. नॉर्वेतल्याच व्यावसायिक खेळाडूंनी हंगामात आठवड्याला एकदा व्यायाम केला तेव्हा कमावलेली ताकद टिकली. पंधरवड्यातून एकदा केला तेव्हा ती घसरली. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मात्र हे सकाळी सातच्या आत आटपा.