पिकायची वाट कशाला बघायची?

चोपडा तालुका. मागे दिसतोय तो सातपुडा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळी. जीपमधून उतरतायत ते सगळे शिबिराला आलेले मोतीबिंदूचे पेशंट. हिरव्या लुगड्यातल्या या आजी बघा, पायरी दिसत नाही म्हणून आधी पायाने चाचपडतात. काय होतं विचारलं तर म्हणाल्या, "डोयासमोर धुकं शे."

हे धुकं बाहुलीच्या मागे जे भिंग असतं ना, त्यात असतं. भिंग म्हणजे पाणी आणि प्रोटीन, वय झालं की प्रोटीनच्या गुठळ्या होऊन ते गढूळ होतं, डायबेटिस असला, विडी ओढली, स्टिरॉइड फार घेतली तर आणखी लवकर. थेंबांनी ते विरघळत नाही, कुणी कितीही सांगो.

आता टॉर्च मारल्यावर बघा, बाहुली पांढरीशुभ्र. म्हणजे पूर्ण पिकलेला. "पिकू द्या, मग काढू" हे घरोघरी ऐकू येतं, आणि बाईमाणसाचं असलं तर जरा जास्तच ऐकू येतं. पूर्वीच्या ऑपरेशनला ते चालायचं. आता उलटंय, फार पिकला की कडक होतो, काढायला त्रास, भिंग फुगून डोळ्यातलं प्रेशर वाढलं तर काचबिंदू, त्यात गेलेली नजर परत येत नाही.

हे मायक्रोस्कोपमधलं दृश्य. डोळा सुन्न केलाय, आजी जाग्या आहेत. हा निळा रंग कशाला, तर पांढऱ्या मोतीबिंदूवरचं पातळ आवरण दिसावं म्हणून. सुईने त्याला गोल फाडलं, आणि बाजूच्या छोट्या चिरेतून तो बघा निघाला, तपकिरी, टणक. टाका नाही. मागचं आवरण तसंच ठेवतात, नवीन भिंग त्यातच बसवायचं.

चिमट्यात धरलेलं हे ते भिंग, दोन बाजूंना दोन बारीक दांड्या. याची गोष्ट भारी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे पायलटांच्या डोळ्यात घुसायचे, पण डोळा ते सहन करतो हे इंग्लंडचे डॉक्टर हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं आणि 1949 साली लंडनमध्ये त्यांनी तसल्याच प्लास्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं, तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनी त्यांना वेड्यातच काढलं होतं. आपल्याकडे हीच भिंगं मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून स्वस्तात बनवायला घेतली, म्हणून अशी शिबिरं परवडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघते.

(इथे निवेदन नाही, आजींचा चेहरा चालू द्या.)

पुढे महिना-दीड महिना थेंब, डोळा चोळायचा नाही, लाल झाला, दुखला किंवा कमी दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. काहींना पुढे मागचं आवरण धुरकट होतं, ते लेझरने काही मिनिटांत निघतं.

आजींचा दुसरा डोळा बाकी आहे. मुलगा म्हणतोय, कपाशी निघाली की बघू.