जुलै ते सप्टेंबरची कमाई

नमस्कार, श्रोतेहो. अमेरिकेत नोकरी गेली की बेकारी भत्ता मिळतो, हे आपण ऐकून असतो. पण १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने फक्त चौकट घातली. भत्ता कोणाला, किती, हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. त्यातल्या एका कलमाविषयी आज बोलायचं आहे.

समजा, एका बाईंनी जुलैत आयुष्यातली पहिली नोकरी कारखान्यात धरली आणि डिसेंबरात कपात झाली. मालकाने त्यांच्या पगारावर विम्याचा कर भरलेला. तरी जुन्या नियमाने त्यांची कमाई शून्य धरली जाते! कारण पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्यांपैकी पहिल्या चारच मोजतात. चालू तिमाही अपुरी म्हणून सुटली, जुलै ते सप्टेंबर पाचवी म्हणून. पगाराचे तक्ते कागदावर यायचे, नोंदी व्हायला महिने लागायचे, तेव्हा हे समजण्यासारखं होतं. आता तक्ते संगणकावर येतात. कलम मात्र तेच राहिलं, तर कितीही नवी यंत्रणा आणा, अर्ज नामंजूरच होणार.

म्हणून २००९च्या मंदीत ओबामा सरकारने राज्यांपुढे ७०० कोटी डॉलर ठेवले. अट एकच, आधी कायदा बदला. ताजी तिमाही धरणारा पर्यायी हिशेब स्वीकारला की राज्याच्या वाट्यातला एक तृतीयांश मिळे. उरलेल्यासाठी आणखी सुधारणा हव्या होत्या: अर्धवेळ काम शोधणाऱ्यांना भत्ता, घरच्या आजारपणापायी किंवा नवऱ्याच्या मारहाणीपायी नोकरी सोडावी लागलेल्यांना भत्ता, अशा. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी साडेपंचावन्न कोटी नाकारले. केंद्राचा पैसा संपला की बोजा उद्योजकांवर पडेल, असं त्यांचं म्हणणं. ही काळजी खोटी नाही. पण जिच्या पगारावर कर घेतला, तिलाच दारात अडवायचं, हे मला मुळीच पटत नाही.

न्यू जर्सीत तर कामगाराच्या पगारातूनही वर्गणी कापतात. तिथल्या एडिसन गावात तुमचं कोणी असेल तर विचारून पाहा. न्यू जर्सीतच एप्रिल २०२०मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांना भत्त्याची जुनी संगणक यंत्रणा सांभाळायला कोबोल ही जुनी संगणकभाषा येणाऱ्यांना मदतीसाठी हाक घालावी लागली. यंत्रणा बदलायलाच हवी. पण तिजोरीचं काय? केंद्राचा बेकारी कर माणशी वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावरच बसतो, आणि ही मर्यादा १९८३पासून हललेली नाही. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडाने आपल्या करालाही तीच ठेवली आहे. वॉशिंग्टन राज्याने ती सरासरी पगाराशी जोडली, त्यामुळे पगार वाढले की तीही वाढते. बाकीच्या राज्यांनी विधेयक लिहिताना आधी वॉशिंग्टनचं हे कलम उचलावं, असं मला वाटतं.