सहाचा नियम आणि पत्रकातली खालची ओळ

(एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी गेली बावीस वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस गावात राहते. आजचा विषय आहे तिथल्या 'ओहायो स्टेट' विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०२० सालचा हंगाम. फुटबॉल म्हणजे तिकडचा, लांबट चेंडूचा. नियम समजावत बसत नाही, आज त्यांची गरज पडणार नाही. मला बोलायचं आहे ते खेळाडूंनी काढलेल्या एका पत्रकातल्या एका ओळीबद्दल. पण त्याआधी माझ्या शेजारच्या मुलाबद्दल सांगते, नाहीतर तो विषय राहून जाईल.

कोलंबसमध्ये सामन्याचा शनिवार कसा असतो, हे पुण्यात सांगायला मला एकच तुलना सुचते: विसर्जन मिरवणुकीचा दिवस. एक लाखावर माणसं बसतील एवढं स्टेडियम, आणि सगळं गाव लाल-करड्या रंगात. या सोहळ्याचा प्राण म्हणजे विद्यापीठाचा बँड. तो मैदानावर चालत चालत 'ओहायो' हा शब्द इंग्रजी वळणदार अक्षरांत लिहितो. ही प्रथा १९३६ पासूनची. शब्द पूर्ण होत आला की सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, वाजवणारा एक जण रांगेतून बाहेर पडतो आणि ठुमकत जाऊन 'आय'वरच्या टिंबाच्या जागी उभा राहतो. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कमरेत वाकून नमस्कार करतो. हा मान चौथ्या-पाचव्या वर्षाच्या वादकाला मिळतो. म्हणजे त्यासाठी आधी तीन वर्षं घाम गाळायचा.

शेजारच्या मुलाचं २०२० हे शेवटचं वर्ष होतं. आणि त्या हंगामात मैदानावर बँड नव्हता.

२४ ऑक्टोबर, पहिला सामना, नेब्रास्काशी. दुपारी बारा वाजता स्टेडियममध्ये खेळाडूंचे नातेवाईक सोडले तर कुणी नाही. माझी आई मार्चमध्ये आमच्याकडे आली होती. विमानं बंद झाली, आणि पुढे सुरू झाली तेव्हा आम्हीच तिला सोडायला धजलो नाही. ती खिडकीशी बसली होती. तिनं मला हाक मारली, "अगं, इकडे ये, हा मुलगा बघ काय करतोय."

त्यानं घरासमोरच्या गाडीच्या वाटेवर खडूनं एक भलामोठा 'आय' काढला होता, टिंबाशिवाय. अंगावर जुना सूझाफोन चढवलेला, एका वळशाला पोचा आलेला. तो वाजवत आला, गर्रकन वळला, टिंबाच्या जागी थांबला आणि गॅरेजच्या बंद दाराकडे तोंड करून वाकला. मग दुसऱ्या बाजूला वळला, म्हणजे आमच्या खिडकीकडे, आणि पुन्हा वाकला. आईनं मला विचारलं, "हा पथकात आहे का गं?" मी म्हटलं, "हो आई, पथकातच." तिनं काचेआडून हात जोडले.

समोर ढोल-ताशा पथकातली मुलं-मुली बसलेली दिसतात मला. त्या वर्षी तुमचेही ढोल घरातच राहिले होते. तुम्हाला मी वेगळं काय सांगू! (टाळ्या) तो मुलगा पुढच्या मे महिन्यात पदवी घेऊन नोकरीला गेला. त्याचं टिंब राहिलं ते राहिलंच. यात दोष कुणाचाच नाही, रोगच तसा होता. पण त्याच वर्षी, त्याच गावात, नियम कुणासाठी वाकले आणि कुणासाठी नाही, हे मी तेव्हापासून बघत आले आहे.

आता मूळ विषय. माझ्याकडे चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. भरभर सांगते.

ओहायो स्टेट विद्यापीठांच्या ज्या गटात खेळतं तो 'बिग टेन'. या गटानं ११ ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला. धास्ती होती ती कोविडनंतर हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेची. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, जस्टिन फील्ड्स यानं हंगाम परत सुरू करा असा ऑनलाइन अर्ज काढला, त्यावर दोन लाखांहून जास्त सह्या पडल्या. १६ सप्टेंबरला निर्णय फिरला: रोज तपासणी, बाधित खेळाडू २१ दिवस मैदानाबाहेर, आणि आठ आठवड्यांत आठ सामने. मध्ये एकही मोकळा आठवडा नाही. म्हणजे एखादा सामना बुडाला की बुडाला, भरून काढायला जागाच नाही.

आणि तीन बुडाले. मेरीलँडचा, मग इलिनॉयचा, मग मिशिगनचा. इलिनॉयच्या वेळी लागण ओहायोच्याच संघात होती. प्रशिक्षक रायन डे बाधित झाले, म्हणून पुढचा मिशिगन स्टेटचा सामना त्यांच्याविना झाला. हाती राहिले पाच सामने. गटाच्या अंतिम सामन्याला किमान सहा लागत होते. तो नियम धरला असता तर त्या जागी इंडियाना गेलं असतं. इंडियानानं सात सामने खेळून सहा जिंकले होते, हरलं होतं ते एकट्या ओहायोकडून. ९ डिसेंबरला गटानं सहाची अट काढून टाकली. पुढे गटाच्या अंतिम सामन्यात ओहायोनं नॉर्थवेस्टर्नला २२-१० असं हरवलं, १ जानेवारीला क्लेमसनला ४९-२८, आणि ११ जानेवारीला अलाबामाकडून ५२-२४ असा मार खाल्ला. क्लेमसनच्या सामन्यात बरगड्यांवर जबर टोला बसूनही फील्ड्सनं सहा टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले. टोल्यानंतर पास टाकताना तो कळवळत होता. त्या वेळी या मुलांना विद्यापीठाकडून शिष्यवृत्ती मिळायची, पगार नाही.

म्हणून ती ओळ. ऑगस्टमध्ये, बिग टेननं हंगाम पुढे ढकलायच्या एक-दोन दिवस आधी, क्लेमसन विद्यापीठाचा खेळाडू ट्रेव्हर लॉरेन्स आणि देशभरातले इतर खेळाडू यांनी एक पत्रक काढलं. वरची ओळ होती, आम्हाला खेळायचंय. ती सगळ्यांनी उचलली, राजकारण्यांनीसुद्धा. खाली लिहिलं होतं की सगळीकडे आरोग्याचे नियम सारखे हवेत, ज्याला खेळायचं नाही त्याच्या निर्णयाचा मान राखा, आणि पुढे कॉलेज फुटबॉलपटूंची संघटना व्हावी. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या हंगामाचा खरा ऐवज या खालच्या, संघटनेच्या ओळीत होता. आपल्यावाचून हे स्टेडियम, हे टीव्हीचे करार चालत नाहीत, हे त्या मुलांना त्या ऑगस्टमध्ये उमगलं होतं.

पुढचं तारखांनिशी सांगते. २१ जून २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं, कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संस्थेविरुद्ध, खेळाडूंच्या बाजूनं एकमतानं निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे मिळवता येऊ लागले. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. हे सगळं न्यायालयं आणि राज्यांचे कायदे यांतून आलं. विद्यापीठांनी ज्यांच्याशी टेबलावर बसून करार करावा, अशी फुटबॉलपटूंची संघटना अजून उभी राहिलेली नाही. पत्रकातली ती ओळ बाकी आहे.

वेळ संपली, घंटा ऐकली मी. पथकातल्या मुलांनी नंतर जरा थांबा. त्या मुलानं मागच्या वर्षी मला एक फोटो पाठवलाय, खडूचा. तो तुम्हाला दाखवायचा आहे.