कुठं उतरणार?

श्रोतेहो, नमस्कार.

मी रिटायर कंडक्टर. एकतीस वर्षं बेळगाव जिल्ह्यात तिकिटं फाडली. म्हणजे आधी खरोखर फाडली, पुढं मशीन आलं तेव्हा नुसती बटणं दाबली. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, जांबोटी, कणकुंबी, सगळे रूट झाले. आज मला इथं प्रथमोपचारावर बोलायला बोलावलंय. मी म्हटलं, मी डॉक्टर नव्हे. तर म्हणाले, म्हणूनच या.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, कंडक्टरचं लायसन काढायचं तर प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट लागतं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स म्हणून एक संस्था आहे, इंग्लंडात १८७७ साली निघालेली, तिचा कोर्स असतो. त्रिकोणी पट्टी कशी बांधायची, मोडलेल्या हाताला झोळी कशी करायची, हे सगळं मी शिकलो होतो. सर्टिफिकेट मिळालं, लायसन मिळालं, बिल्ला मिळाला. आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका माणसाचा दात पाडला.

खोटं कशाला सांगू? निपाणीच्या गाडीत एका पॅसेंजरला फिट आली. वीस माणसं एकदम ओरडायला लागली, "जीभ चावेल, जीभ चावेल, तोंडात काहीतरी घाला!" माझ्या हातात तिकीट पंच करायचा चिमटा होता. त्याचीच मूठ मी त्या माणसाच्या दातांत कोंबली. कोर्समध्ये शिकवलं होतं, तोंडात काही घालायचं नाही. पाठ होतं मला. पण वीस माणसं ओरडत असली की पाठ केलेलं कुठं जातं कुणास ठाऊक. अर्धा दात निघाला त्याचा. शुद्धीवर आल्यावर तो बिचारा मलाच म्हणाला, "उपकार झाले तुमचे." मी त्या रात्री जेवलो नाही.

तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा सांगतो आणि परत परत सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, रुमाल नाही, बोट तर नाहीच नाही. जीभ गिळली जात नसते. चावली जाते कधीकधी, थोडं रक्त येतं, ती आपोआप बरी होते. मोडलेला दात होत नाही.

आता जांबोटीच्या गाडीची गोष्ट. ही मी लग्नात सांगतो, बारशात सांगतो, बायको उठून आत जाते.

रोपाचे दिवस. भात लावणी जोरात. आमच्या पश्चिम भागातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही बघितला त्यांना सांगून कळायचा नाही. बेळगावात बाजार करून माणसं परत निघालेली. गाडी खचाखच भरलेली, काचा बंद, ओल्या छत्र्या, सुकटीचा वास. लावणीला माणसं असली की घरात सुकट आणि कांदा पोत्यानं लागतो, त्यामुळं दर तिसऱ्या माणसाच्या पिशवीत कांदा. हे लक्षात ठेवा, पुढं कांदा येणार आहे.

किणये सोडलं. मागच्या दाराजवळ कॉलेजचा एक पोरगा दांडी धरून उभा होता. त्याच्या तोंडून एकदम मोठा आवाज आला, किंकाळीसारखा, आणि पोरगा लाकडासारखा ताठ होऊन आडवा पडला. मग हातपाय झाडायला लागला. डोकं सीटच्या लोखंडी पायावर ठाण ठाण आपटत होतं.

मी शिट्टी मारली. आमचे ड्रायव्हर बैलहोंगलकडचे, मराठी सगळं समजायचं, बोलायचे मात्र कन्नडच. त्यांनी कुसमळीच्या पुलाच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, मागं वळून बघितलं आणि पहिला शब्द काय काढला? "उळ्ळागड्डी कोडरी!" म्हणजे कांदा द्या. त्याच क्षणाला इकडून मराठीत, "कांदा फोडा, कांदा!" बोर्डावर कुठली भाषा पाहिजे म्हणून सीमाभागात आमचं एवढं रामायण चाललंय, पण फिटवर कांदा म्हटलं की दोन्ही भाषा एकदम.

कांदा आला. बुक्की मारून फोडलासुद्धा. एक आजी पायातली चप्पल काढून पुढं झाली, नाकाला लावायला. एकजण किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला, हातात लोखंड द्या म्हणून. एक बाई तांब्या घेऊन, "नीर कुडसरी, नीर कुडसरी." म्हणजे पाणी पाजा. एकानं मोबाईल काढला होता, तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाईल नवीन होते. आणि एक गृहस्थ डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागले होते.

मला निपाणीचा दात आठवला. आणि त्या क्षणी एक डोक्यात आलं, जे कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं. ही माणसं वाईट नाहीत. त्यांच्या हातांना काम नाही, म्हणून हात कांद्याकडं जातात. यांना "नको" म्हणून भागणार नाही. यांना काम द्यायला पाहिजे.

कांदेवाल्याच्या मनगटावर घड्याळ होतं. त्याला म्हटलं, "दाजी, तो कांदा खिशात ठेवा. तुम्ही वेळ मोजा. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला मोठ्यानं सांगायचं." आजीला म्हटलं, "आजी, चप्पल पायात घाल, तुझं बोचकं दे इकडं." त्या बोचक्यात नवी घेतलेली चादर होती, ती पोराच्या डोक्याखाली सारली. ठाण ठाण थांबलं. किल्लीवाल्याला काचा उघडायला लावल्या. तांब्यावाल्या बाईला म्हटलं, "अक्का, नीर ईग ब्याडरी, पाणी आत्ता नको. तांब्या धरून ठेवा, मी मागेपर्यंत कुणाला देऊ नका." ती तांब्या असा धरून उभी राहिली, जशी काय कलशच. मोबाईलवाल्याला ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर लावायला खाली पिटाळलं. कर्नाटकात ही सेवा २००८ पासून आहे, पण कुसमळीला तेव्हा रेंज कुठली? तो पावसात पुलावर इकडून तिकडं फिरत राहिला, तेवढाच व्हिडिओ वाचला. देवाचं नाव घेणाऱ्यांना म्हटलं, तुमचं चालू दे.

पोराला कुणी धरलं नाही. हे पण ऐकून ठेवा. झटके चालू असताना हातपाय दाबून धरायचे नाहीत, त्यानं सांधा निखळतो. आजूबाजूचं टणक असेल ते बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याचं बटण सैल, आणि वेळ बघायची. वेळ बघायची.

दाजी ओरडत होते, "अर्धं!" मग "एक मिनिट!" जसा मी स्टॉप पुकारतो तसे. "दीड!" साहेब, मिनिट किती लांब असतं ते त्या दिवशी गाडीतल्या साठ माणसांना कळलं. एरवी आम्ही म्हणतो, पोरगं अर्धा तास तडफडत होतं. अर्धा तास नसतो. "दोन!" म्हटलं आणि झटके ढिले पडायला लागले. अडीचच्या आत थांबले.

आता इथं कांद्याची गोम आहे. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपापली थांबते. आणि गर्दीत कांदा मागायचा, शोधायचा, फोडायचा, नाकाला लावायचा, याला लागतात दोन-तीन मिनिटं. म्हणजे कांदा नाकाला पोचतो तेव्हा फिट निघालेलीच असते. श्रेय कांद्याला. चपलेचं तेच, किल्लीचं तेच. पिढ्यान् पिढ्या आपण असं श्रेय वाटत आलोय. निवडणुकीतसुद्धा असंच होतं, पण तो विषय वेगळा.

झटके थांबले तसा पोरगा घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागला. तोंडाला फेस, फेसात लाल. बायका रडायला लागल्या. मी त्याला कुशीवर वळवला. वरचा गुडघा वाकवून पुढं टेकवला, म्हणजे अंग परत उताणं पडत नाही, आणि तोंड थोडं खाली, म्हणजे लाळ बाहेर गळते, घशात जात नाही. कुशीवर. झटके थांबले की कुशीवर.

आणि मग मला दुसरं काही सुचेना म्हणून, सवयीनं, मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "कुठं उतरणार?"

उत्तर नाही. डोळे उघडे, पण घरात कुणी नाही असे.

दोन-चार मिनिटांनी परत विचारलं, "बाळा, कुठं उतरणार?" म्हणाला, "आईकडं." अख्खी गाडी गप्प.

आणखी पाच मिनिटं गेली. तिसऱ्यांदा विचारलं. त्यानं माझ्या खाकी शर्टाकडं बघितलं, बिल्ल्याकडं बघितलं, थरथरत्या हातानं वरचा खिसा चाचपला, आणि म्हणाला, "जांबोटी. पास हाय."

श्रोतेहो, इतक्या पासांवर मी सह्या बघितल्या, पण तो भिजलेला पास मी दोन्ही हातांनी घेतला.

तेव्हा अक्काला म्हटलं, आता द्या पाणी.

एक राहिलं. फिटमध्ये माणसाची लघवी होते. पोराची पँट भिजली होती, त्याच्या ते लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. मी काही बोलायच्या आत आजीनं डोक्याखालची चादर काढून त्याच्या कमरेवर टाकली आणि बाकीच्यांना म्हणाली, "काय बघतासा? पाऊस बघा की भायेरचा." साठ माणसं पाऊस बघायला लागली.

पुढं कळलं, पोराच्या गोळ्या चालू होत्या, दोन दिवस चुकल्या होत्या. हे असं होतं. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नसते. जांबोटीला दवाखान्यात दाखवलं, घरच्यांना निरोप दिला, आणि ट्रिप अर्धा तास लेट म्हणून मला दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्यावा लागला. गाडीतली प्रथमोपचार पेटी त्या दिवशी मी उघडलीसुद्धा नव्हती. मला ठाऊक होतं आत काय आहे. एक कंगवा आणि आधीच्या कंडक्टरची तंबाखूची पुडी.

दवाखान्याचं कधी बघायचं? पाच मिनिटं झाली तरी झटके थांबत नाहीत, एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, आयुष्यात पहिल्यांदाच आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर आहे, श्वास नीट येत नाही, तर लगेच १०८. पाच मिनिटं. म्हणून घड्याळ.

वेळ कमी उरलाय, बाकीचं भराभर सांगतो. भाजलं तर नळाखाली धरा, वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे वीस, हात गारठेपर्यंत नव्हे. टूथपेस्ट, शाई, दोश्याचं पीठ, यातलं काही लावायचं नाही. घोळाणा फुटला तर मान वर करायची नाही, पुढं झुकायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी इंजेक्शन. चुना नाही, मिरचीपूड नाही. मिरचीपूड लावणाऱ्याला एकदा स्वतःला लावून बघायला सांगा.

साप चावला तर वर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, जोडवी, बांगड्या आधी काढा, सूज आली की निघत नाहीत. पाय लाकडाला सैल बांधून हलू न देता सरकारी दवाखाना. साप मारून पिशवीत घालून आणू नका, एकानं माझ्या गाडीत आणला होता आणि तो मेलेला नव्हता. साप मारण्यात जो वेळ जातो तो माणसाचा जातो. आपल्या कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची प्रत्येक केस दवाखान्यानं सरकारला कळवायची आहे, तेव्हा गावठी औषधवाल्याकडं जाऊन ती लपवू नका.

आणि रस्त्यावर अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीनं पुढं जाऊ नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलंय. मदत करणाऱ्याला नाव, पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. चोर्ल्याच्या घाटात जाणाऱ्यांनी हे कलम पाठच करावं, त्या रस्त्याची अवस्था बघता.

जाताना, मघाशी इथल्या एका मुलीनं काचेपलीकडून खुणेनं विचारलं, कांद्याचं काय झालं? दाजी अर्धा खिशात घेऊनच जांबोटीला उतरले. पुढं कधी गाडीत भेटले की सगळ्यांना सांगायचे, "मी मिनिटं मोजली म्हणून पोरगं वाचलं." मी म्हणायचो, होय दाजी. आणि उरलेला अर्धा आमच्या ड्रायव्हरनी ठेवून घेतला होता. संध्याकाळी कणकुंबीला डबा उघडला तेव्हा झुणक्याबरोबर खाल्ला, मलाही एक फोड दिली.

नमस्कार.